चाकाचा नट आणि हातातला पाना

१९८६ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. मामांची जुनी मोटार घेऊन आम्ही चौघे साताऱ्याहून पुण्याला निघालो होतो. खंबाटकी घाटात मागचे डावे चाक बसले. स्टेपनी होती, जॅक होता. पण चाकाचा पाना मामांनी विहिरीवरच्या पंपासाठी काढून घेतला होता आणि तो तिथेच राहिला होता. डिकीत सापडला तो एक स्वस्तातला अ‍ॅडजस्टेबल पाना. त्याच्या जबड्याला दात पडल्यासारखी ढिलाई होती. तीन नट कसेबसे निघाले. चौथ्यावर पाना सटकला, पुन्हा लावला, पुन्हा सटकला. दहा मिनिटांत नटाचे सहाही कंगोरे झिजून तो गोल झाला आणि माझ्या बोटांची सालटी निघाली ती वेगळीच.

शेवटी एका ट्रकचालकाने गाडी थांबवली. त्याने आपल्या पेटीतून नटापेक्षा किंचित लहान मापाचा बॉक्स पाना काढला, हातोडीने ठोकून तो त्या गोल झालेल्या नटावर बसवला, दांड्यावर हातभर लांब नळी चढवली आणि एका झटक्यात नट सोडवला. नट आणि त्याचा बोल्ट दोन्ही नवे घ्यावे लागले. पाना घेताना वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट पैसे त्या एका दुपारी गेले.

हत्यार स्वस्त असले म्हणजे वाईटच असते असे नाही, आणि महाग असले म्हणजे चांगलेच असेही नाही. मग निवड कशी करायची? तुमच्या घरी मोटार असेल, किंवा शेजाऱ्यांकडे असेल, तर हा प्रश्न आज ना उद्या तुमच्यापुढे येईल. त्याचे उत्तर दुकानदारापेक्षा तुमच्या भूमितीच्या आणि भौतिकीच्या पुस्तकात अधिक चांगले सापडते. कसे ते पाहू.

कागदावर एक षट्कोन काढा. त्याच्या समोरासमोरच्या दोन बाजूंमधले अंतर १९ मिलिमीटर असू द्या. पान्यावर जो '१९' आकडा कोरलेला असतो तो याच अंतराचा. बोल्टच्या जाडीचा नव्हे, हे ध्यानात घ्या. आता समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांमधले अंतर मोजा. ते सुमारे २२ मिलिमीटर भरेल. म्हणजे बाजू आणि कोपरा यांच्यात एकूण फरक ३ मिलिमीटरांचा, एका अंगाला दीडच मिलिमीटर! पाना नटाला धरून ठेवतो तो एवढ्याशा उंचवट्याच्या आधारावर. जबडा २२ मिलिमीटर उघडला तर नट त्यात गरगर फिरेल आणि काहीच होणार नाही. १९ ऐवजी २० मिलिमीटर उघडा राहिला, तर नट न फिरता पाना जवळजवळ ६ अंश नुसताच फिरतो आणि मग नटाच्या बाजूला न टेकता फक्त कोपऱ्याला टेकतो. मामांच्या त्या पान्याचे नेमके हेच होत होते.

कोपऱ्यावर किती भार येतो याचाही हिशेब करून पाहण्यासारखा आहे. लहान मोटारीच्या चाकाचा नट आवळताना साधारण १०० न्यूटन-मीटर इतके आघूर्ण लागते. (नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो, तोच खरा मानावा.) आघूर्ण म्हणजे बल गुणिले टेकूपासूनचे अंतर, हे तुम्ही तरफेच्या धड्यात शिकला आहात. उघड्या तोंडाचा पाना, ज्याला गॅरेजात फिक्स पाना म्हणतात, तो नटाच्या दोनच कोपऱ्यांवर जोर देतो. या दोन जोरांमधले अंतर म्हणजे षट्कोनाची एक बाजू, सुमारे ११ मिलिमीटर. १०० ला ०.०११ ने भागा. उत्तर येते ९,००० न्यूटनांहून थोडे अधिक. म्हणजे प्रत्येक कोपऱ्यावर जवळजवळ ९०० किलोग्रॅम वजनाइतका दाब! रिंग पाना नटाला चारी बाजूंनी कवेत घेतो आणि सहाही कोपऱ्यांवर जोर वाटून देतो. तोच हिशेब केला तर प्रत्येक कोपऱ्यावरचा दाब एक तृतीयांशावर येतो. घट्ट बसलेला नट सोडवायला फिक्स पाना लावू नये, असे जुने कारागीर का बजावतात ते आता तुमच्या लक्षात येईल.

मग फिक्स पाना ठेवायचाच कशाला? जिथे रिंग वरून घालायला जागाच नसते, उदाहरणार्थ नळीवरच्या जोडाच्या नटावर, तिथे तोच कामाला येतो. त्याच्या रचनेतही एक गंमत आहे. त्याचे तोंड दांड्याच्या सरळ रेषेत नसून १५ अंशांनी तिरके असते. नट दर ६० अंशांनी पहिल्यासारखा दिसतो, म्हणून सरळ तोंडाचा पाना पुन्हा पकडण्यासाठी ६० अंश फिरवावा लागला असता. तिरक्या तोंडाचा पाना मात्र ३० अंश फिरवून पालथा केला की पुन्हा नटावर बसतो. १५ अंश या बाजूला, १५ अंश त्या बाजूला, मिळून ३०. इंजिनाच्या अडचणीच्या जागेत ही निम्मी बचत फार मोलाची ठरते. पुठ्ठ्याचा पाना कापून करून पाहा. पाच मिनिटांत पटेल.

अ‍ॅडजस्टेबल पान्याला मी वर बरेच बोल लावले, पण त्याच्यावर अन्याय नको. स्वीडनच्या योहान पेटर योहान्सन याने आजच्या रूपातल्या या पान्याचे पेटंट १८९२ साली घेतले, आणि नळ, पंप, सायकल अशा मिळेल त्या कामाला तो अजूनही उपयोगी पडतो. मात्र वापरताना दोन नियम पाळावेत. जबडा नटावर अगदी चापून बसवावा, आणि ओढण्याचा जोर स्थिर जबड्यावर येईल अशा बाजूने पाना धरावा, सरकणाऱ्या जबड्यावर नव्हे. मोटारीच्या चाकाला तो लावूच नये.

आता चाकाच्या नटाकडे परत येऊ. तुमचे वजन ४० किलोग्रॅम आहे असे धरा. २५ सेंटिमीटर लांबीचा पाना नटावर आडवा बसवला आणि त्याच्या टोकावर तुम्ही उभे राहिलात, तर आघूर्ण किती? ४० गुणिले ९.८ गुणिले ०.२५, म्हणजे ९८ न्यूटन-मीटर. नेमके हवे तेवढे! आणि दांडा ५० सेंटिमीटरांचा असेल तर २० किलोग्रॅम वजनाइतक्या जोरात तेच काम होते. आता कोणी विचारील, मग हातभर लांबीची नळी नेहमीच का लावू नये? सोडवताना लावा, फार तर. आवळताना मात्र नको, कारण नळी लावल्यावर आपण किती जोर देतो आहोत हे हाताला कळेनासे होते आणि बोल्ट ताणून तुटतो.

बोल्ट ताणून? होय. नट आवळणे म्हणजे बोल्टला रबरासारखे ताणणेच आहे. पोलाद फारच थोडे ताणले जाते एवढाच फरक. १२ मिलिमीटर जाडीच्या बोल्टवर नट १०० न्यूटन-मीटर आघूर्णाने आवळला, तर बोल्टमध्ये सुमारे ४०,००० न्यूटन ताण निर्माण होतो. ४ टन वजन टांगल्यासारखेच म्हणा ना. एका चाकाला चार नट असले तर चाक १६ टनांच्या जोराने धुऱ्याच्या तबकडीवर दाबले जाते, आणि या दाबामुळे निर्माण होणारे घर्षण चाकाला जागेवर ठेवते. नट सैल राहिले तर दाब कमी, घर्षण कमी. मग चाक दर फेऱ्याला किंचित हलते, बोल्टवर आडवे हादरे बसतात आणि धावत्या गाडीचे बोल्ट तुटून चाक निखळू शकते.

या उलाढालीत घर्षण किती खाते ते पाहा. पान्याचे टोक एक फेरा पूर्ण करते तेव्हा तुमचा हात जवळजवळ १५७ सेंटिमीटर फिरतो, आणि नट पुढे सरकतो फक्त एका आट्याएवढा, समजा दीड मिलिमीटर. म्हणजे घर्षण नसते तर जोर हजारपटीहून अधिक वाढला असता. ४०० न्यूटनांचे ४,००,००० न्यूटन व्हायला हवेत. प्रत्यक्षात होतात ४०,०००. दहातला एकच भाग कामी येतो आणि नऊ भाग आट्यांतल्या व नटाच्या बुडाच्या घर्षणात जातात! इतके उधळे यंत्र माणसाने पसंत का करावे? कारण हेच घर्षण नट आपोआप सुटू देत नाही. म्हणूनच चाकाच्या बोल्टला तेल किंवा ग्रीस लावण्याचा मोह आवरावा, पुस्तिकेत स्पष्ट सांगितले नसेल तर. घर्षण कमी झाले की पान्यावर तेवढाच जोर देऊनही बोल्ट भलताच जास्त ताणला जातो.

इतके दाब सोसायचे तर पान्याचे पोलाद कसे हवे? फार मऊ असेल तर जबडा पसरतो, आणि फार कठीण असेल तर काचेसारखा तडकतो. चांगला पाना तापवलेल्या पोलादावर घणाचे घाव घालून, म्हणजे ठोकून, घडवतात. मग त्याला पाणी देतात आणि पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा घालवतात. गावचा लोहार विळ्याला पाणी देतो तीच ही विद्या, फक्त भट्टीचे तापमान मोजून केलेली. पोलादात सुमारे एक टक्का क्रोमियम आणि त्याहून पुष्कळच कमी व्हॅनेडियम मिसळले की ते अधिक चिवट होते. व्हॅनेडियम पोलाद मोटारीत मोठ्या प्रमाणावर आणले ते हेन्री फोर्डने, १९०८ सालच्या 'मॉडेल टी' गाडीत. आज पान्यावर 'क्रोम व्हॅनेडियम' हे शब्द कोरलेले सर्रास दिसतात. पण अक्षरे कोरायला व्हॅनेडियम लागत नाही! नुसत्या शिक्क्यावर भरवसा ठेवू नका.

मग दुकानात उभे राहून पारख कशी करायची? माझा एक साधा उपाय आहे. हार्डवेअरच्या दुकानातून ज्या मापांचे पाने घ्यायचे त्या मापांचे कोरे बोल्ट आधी विकत घ्यायचे. ते खिशात टाकून पाने घ्यायला जायचे आणि प्रत्येक पाना त्याच्या बोल्टच्या डोक्यावर बसवून हलवून पाहायचा. खुळखुळला तर परत द्यायचा. जबड्याच्या दोन्ही आतल्या बाजू समांतर आहेत का ते उजेडाकडे धरून पाहायचे. मुलाम्याखाली पोपडे, बारीक भोके किंवा ओतकामाचा खडबडीतपणा दिसला तर तो पाना ठेवून द्यायचा. भारतीय मानकांत फिक्स पान्यांसाठी २०२८ आणि रिंग पान्यांसाठी २०२९ क्रमांकाचे मानक आहे. तो उल्लेख आणि कारखान्याचे नाव दोन्ही असले तर बरे. आपल्या देशात ही हत्यारे उत्तम बनतात. पंजाबात जालंधर, राजस्थानात नागौर ही त्यांची जुनी ठाणी, आणि आपल्या नाशिकला टपारियांच्या कारखान्यात १९६९ पासून स्वीडिश सहकार्याने हत्यारे बनू लागली. परदेशी नावासाठी जादा पैसे मोजायची मुळीच गरज नाही.

कोणती मापे घ्यायची, हा खरा पैसे वाचवण्याचा मुद्दा. चकचकीत पेटीत शंभर नग मांडलेले पाहून जीव हरखतो, पण त्यातले ऐंशी आयुष्यभर पेटीतच राहतात. मोटार कोणत्या देशाच्या पद्धतीची ते आधी पाहा. जपानी पद्धतीच्या गाड्यांत, आणि मारुती १९८३ सालापासून त्याच वळणाच्या आहेत, १०, १२, १४, १७ आणि १९ ही मापे बहुतेक सगळीकडे दिसतात. युरोपीय वळणाच्या गाडीत १२ व १४ च्या जागी १३ आणि १६ किंवा १७ लागतात. ८ मिलिमीटरांचा बोल्ट दोन्हीकडे तोच, पण त्याचे डोके जपानी माणूस १२ चे करतो आणि जर्मन १३ चे! जुन्या इंग्रजी वळणाच्या गाड्यांचे नट तर इंचांत. जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ मध्ये आट्यांचे एक ठरावीक माप सुचवले तेव्हापासूनची ती परंपरा. अर्ध्या इंचाच्या नटाला, म्हणजे १२.७ मिलिमीटरांना, १३ चा पाना लागतो असे वाटते. पण ती ०.३ मिलिमीटरांची ढिलाई जोराच्या कामाला बाधते. पाऊण इंच मात्र १९.०५ मिलिमीटर, त्यामुळे नव्या १९ च्या पान्यात तो कधी जेमतेम बसतो, कधी अडतो.

तेव्हा सुरुवातीला आपल्या गाडीच्या चार-पाच मापांचे रिंग पाने, त्याच मापांचे फिक्स पाने, आणि चाकासाठी लांब दांड्याचा एक बॉक्स पाना घ्या. एका टोकाला रिंग व दुसऱ्या टोकाला उघडे तोंड असलेले पाने मिळतात. ते घेतले तर खर्च आणखी कमी होतो. बॅटरीच्या तारा सोडवायला बहुधा १० चा पाना लागतो. तो हमखास हरवतो, म्हणून दोन घ्या! एक पक्कड, एक मध्यम चपटा आणि एक दोन नंबरचा स्टार स्क्रू ड्रायव्हर घ्यावा. हलकी हातोडी, कानस, तारेचा ब्रश यांत खुशाल काटकसर करावी. साधा ब्रश जे करतो त्याहून महाग ब्रश फारसे अधिक करत नाही. स्टार स्क्रू ड्रायव्हरचे टोक मात्र मऊ नको. या स्क्रूच्या फुलीच्या बाजू उतरत्या असतात, त्यामुळे जोर वाढला की स्क्रू ड्रायव्हर वर उचलला जाऊन बाहेर निसटतो. झिजलेले टोक तर लगेच निसटते आणि फुलीची खळगी होऊन बसते.

जुन्या बाजारातही चांगला माल सापडतो. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार; नवे पण वाजवी भावात हवे असेल तर मुंबईचीच नागदेवी स्ट्रीट. जुन्या पान्यावरचा वरवरचा गंज रॉकेलने आणि ब्रशने निघतो, त्याला घाबरू नये. पसरलेला जबडा मात्र कशानेही बरा होत नाही. खिशातले बोल्ट इथेही न्यावेत.

एका वस्तूत कधीही काटकसर करू नका, आणि ती पाना नव्हे. गाडी उचलण्याचा जॅक फक्त चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या आधारावर उचललेल्या गाडीखाली हात, पाय, डोके काहीही घालू नये. मोटार हजार किलोग्रॅम वजनाची, आणि जॅकचा तळ तळहाताएवढा. जमीन थोडी खचली किंवा गाडी बोटभर पुढे सरकली तरी जॅक कलंडतो. गाडीखाली काही करायचेच असेल तर सपाट कठीण जमिनीवर लोखंडी स्टँड लावून, चाकांना पाचर देऊन, आणि जाणत्या मोठ्या माणसाच्या देखत करावे. विटा रचून काम भागवणारे लोक मी पाहिले आहेत. वीट सारखा भार सोसते, पण लोखंडाची कड एकाच जागी टेकली की फुटते, आणि फुटण्याआधी सूचना देत नाही. स्टँड घेण्याइतके पैसे नसतील तर ते काम गॅरेजवाल्याला द्यावे. तो खर्च स्वस्त समजावा. विजेवर चालणाऱ्या मोटारीत नारिंगी रंगाच्या जाड तारा असतात, त्यांत शेकडो व्होल्ट दाब असतो. त्यांच्या जवळपासही घरगुती पाना नेऊ नये.

चाक बदलताना क्रमही विसरू नका. हँडब्रेक ओढून समोरच्या बाजूच्या चाकाला दगड लावायचा. नट आधी सैल करायचे आणि मगच गाडी उचलायची. चाक अधांतरी असताना जोर लावला तर चाक फिरते आणि गाडी जॅकवरून ढळते. पाना शक्यतो आपल्याकडे ओढावा, ढकलू नये. ढकलताना सटकला तर बोटे थेट पत्र्यावर आपटतात. लावताना नट समोरासमोर आळीपाळीने आवळावेत, गाडी खाली उतरवून शेवटचा जोर द्यावा, आणि पन्नास-शंभर किलोमीटर गेल्यावर एकदा पुन्हा तपासावेत.

शाळेत करण्यासारखा एक प्रयोग सांगतो. १० मिलिमीटरांचा एक स्वच्छ बोल्ट घ्या. त्यावर एक जाड लोखंडी पट्टी आणि नट चढवून बोल्टचे डोके शेगड्यात पक्के धरा. नटावर रिंग पाना बसवा. नटाच्या मध्यापासून बरोबर २० सेंटिमीटरांवर पान्याला दोरी बांधून तिला स्प्रिंगचा तोलकाटा अडकवा आणि पान्याशी काटकोन ठेवून ८ किलोग्रॅमपर्यंत ओढून नट आवळा. आता तोलकाटा उलट्या बाजूने ओढा आणि नट सुटताना काटा किती दाखवतो ते वाचा. तो ८ वर जाणार नाही, ६ ते ७ च्या दरम्यान थांबेल. आवळताना घर्षणाशी झगडून शिवाय बोल्टही ताणावा लागतो, तर सोडवताना ताणलेला बोल्टच नटाला मागे ढकलून आपल्याला मदत करतो. दोन आकड्यांची वजाबाकी करा आणि तिला आवळतानाच्या आकड्याच्या दुपटीने, म्हणजे १६ ने, भागा. जोराचा कितवा भाग खरोखर बोल्ट ताणण्यात गेला ते मिळेल. ताण नीट बसला असेल तर उत्तर एक दशांशाच्या आसपास यावे; सुटतानाचे स्थिर घर्षण थोडे अधिक असल्याने ते जरा कमीही येईल. नंतर तोच बोल्ट चार दिवस मिठाच्या पाण्यात ठेवून गंजू द्या आणि सोडवून पाहा. या वेळी तोलकाट्याचा काटा ८ च्या पुढे जातो का, आणि किती, ते वहीत नोंदवा.